युद्धकथेतली पुस्तकं भाषण करू लागली तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कादंबरी १९४२-४३ च्या हॅम्बुर्गमध्ये घडते. नायक बारा वर्षांचा, वडील पूर्व आघाडीवर, आजोबा छापखान्यात कंपोझिटर, धाकटी बहीण आठ वर्षांची. बॉम्बहल्ल्यांच्या काळात पुस्तकं या मुलाला तारून नेतात, हा गाभा. पहिला खर्डा वाचणारे म्हणाले, 'गोड आहे, पण भाषण वाटतं.' आता पुस्तकांचं सामर्थ्य ठसवायला अजून काय घालावं, असं तुम्ही विचारताय.

काही घालू नका. तुम्ही दिलेल्या उताऱ्यातच दुखणं दिसतंय. आजोबा म्हणतात शब्दांत ताकद असते, शिक्षिका म्हणते शब्दांत ताकद असते, मुलगा रात्री पांघरुणात तेच स्वतःशी म्हणतो. पण एवढ्या पानांत एखाद्या शब्दामुळे काही घडलंय का? कुणी फसत नाही, पकडलं जात नाही, कुणाचं मन फिरत नाही, कुणाचा जीव जात नाही की वाचत नाही. सगळी पात्रं ज्या गोष्टीला माना डोलावतात, ती वाचकाला नुसती ऐकावी लागते. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा फिरवून घेतो: या मुलाच्या जगात एक वाक्य बोललं गेल्यावर, वाचलं गेल्यावर किंवा छापलं गेल्यावर नेमकं काय बदलतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

पुढचं सगळं दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, वाचक कोण. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहीत असाल तर मृत्यू दारापर्यंत आणून थांबता येतं. पंधराच्या पुढचा वाचक असेल तर तसं थांबणं त्याला लबाडी वाटेल. दुसरी, निवेदक कोण. मुलगा घडतं तेव्हाच बोलतोय, की म्हातारपणी आठवून सांगतोय? म्हातारा निवेदक घेतलात तर त्याला सगळं आधीच कळलेलं असतं, आणि शहाणपणाची वाक्यं त्याच्या तोंडी आपोआप येतात. तुमचा निवेदक तसाच आहे. पुढच्या खर्ड्यासाठी तरी त्याला गप्प बसवा आणि मुलाला जेवढं दिसतं तेवढंच लिहा. म्हाताऱ्याचा आवाज परत हवाच असेल तर शेवटच्या हातात दोन-तीन ठिकाणी आणता येईल.

आता मुद्द्यावर. १९३१ साली जन्मलेला मुलगा १९४३ मध्ये 'युंगफोल्क'मध्ये असणारच. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांची ही नाझी संघटना १९३९ पासून सक्तीची होती. म्हणजे पुस्तकं त्याला वाचवायला येण्याआधीच शब्दांनी त्याला पकडलेलं आहे: शपथ, घोषणा, कूच करताना म्हणायची गाणी. तुमच्या खर्ड्यात तो पहिल्या पानापासून मनातून विरोधात आहे. हे सोयीचं आहे, खरं वाटत नाही. गाणी त्याला आवडू द्या. शपथ पाठ म्हणताना त्याची छाती फुलू द्या. शब्दाची ताकद वाचकाला पहिल्यांदा जाणवावी ती इथे, जेव्हा ती चुकीच्या बाजूला काम करत असते आणि छानही वाटत असते. ड्रेस्डेनचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर हे ज्यू असल्याने पदावरून काढलेले. या काळात रोजची भाषा कशी बदलते याची ते गुपचूप टिपणं ठेवत होते. त्यांचं एक निरीक्षण तुमच्या थेट कामाचं आहे: 'फॅनॅटिक' म्हणजे धर्मांध, माथेफिरू हा दोष दाखवणारा शब्द राजवटीने कौतुकाचा करून टाकला. अमका माथेफिरू शूर, तमक्याची माथेफिरू निष्ठा. तुमच्या मुलाला हा शब्द शाळेच्या निबंधात अभिमानाने वापरू द्या, आणि पुढे तोच शब्द आजोबांनी जुन्या अर्थाने वापरल्यावर त्याला राग येऊ द्या. त्या एका भांडणातून जे कळेल ते आजोबांच्या तीन प्रवचनांतून कळणार नाही.

हीच टिपणं क्लेम्पेरर यांची पत्नी एव्हा थोडीथोडी करून पिर्ना गावातल्या डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन लपवत असे. कागद वाटेत सापडले असते तर टिपणं लिहिणारा, नेणारी आणि ठेवणारी असे तिघंही गेले असते. किंमत म्हणतो ती ही.

हॅम्बुर्गचंच उदाहरण हवं असेल तर हेल्मुट ह्युबेनर यांच्याकडे बघा. सतरा वर्षांचा उमेदवार कारकून. बीबीसीच्या जर्मन बातम्या ऐकायचा, त्यावरून पत्रकं टाइप करायचा आणि मित्रांकरवी लोकांच्या टपालपेट्यांत, टेलिफोनच्या खोक्यांत पोचवायचा. फेब्रुवारी १९४२ मध्ये अटक झाली, २७ ऑक्टोबर १९४२ ला बर्लिनच्या प्लोट्झेनसे तुरुंगात शिरच्छेद. बरोबरच्या तिघा मित्रांना १०, ५ आणि ४ वर्षांची कैद. परदेशी रेडिओ ऐकणं १ सप्टेंबर १९३९ पासून गुन्हा होता, आणि ऐकलेलं पसरवलं तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. तुमच्या कथेत हा मुलगा पात्र म्हणून आणू नका, खऱ्या माणसाला कल्पित संवाद देणं अवघड काम आहे. पण तुमच्या नायकाच्या गल्लीत ही बातमी पोचलेली असणार. ती कुणी कुजबुजत सांगतं, कुणी 'बरं झालं' म्हणतं, कुणी विषय बदलतं. तुमच्या नायकापेक्षा सहाच वर्षांनी मोठा मुलगा कागदावर टाइप केलेल्या चार ओळींसाठी मारला जातो, हे वाचकाला प्रकरण पाचच्या आत कळलं पाहिजे. त्यानंतर घरात कुणीही पेन्सिल उचलली तरी ताण तयार होतो, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही.

पत्रकांचं दृश्य लिहिणार असाल तर हात कामाला लावा. कार्बन कागद घालून टाइप करताना पाचव्या-सहाव्या प्रतीला अक्षरं पुसट होतात, म्हणून प्रत्येक खेपेत हाताशी येतात त्या चार-पाच धड प्रती. कळा जोरात ठोकाव्या लागतात आणि आवाज शेजारी जातो, म्हणून यंत्राखाली घडी घातलेली घोंगडी. कागद एकाच दुकानातून एकदम घेतला तर दुकानदाराच्या लक्षात राहतो. म्युनिकमध्ये हिटलरविरोधी पत्रकं काढणाऱ्या 'व्हाइट रोझ' गटातल्या विद्यार्थ्यांना कागद आणि टपाल तिकिटं वेगवेगळ्या ठिकाणाहून थोडीथोडी घ्यावी लागत होती ती याचसाठी. असे तीन तपशील दिले की 'शब्द धोकादायक असतात' हे वाक्य खोडता येतं.

आता तुमच्याकडे असलेल्या आणि तुम्ही न वापरलेल्या दोन खाणी. मला विचाराल तर तुमची कादंबरी खरं म्हणजे इथेच आहे.

पहिली, आजोबांचा छापखाना. खर्ड्यात आजोबा कंपोझिटर आहेत एवढंच कळतं, ते शिक्षक असते तरी काही बिघडलं नसतं. त्यांना कामावर आणा. हाताने अक्षरजुळवणी करणारा माणूस केसच्या, म्हणजे अक्षरांच्या पेटीच्या, खणांतून एकेक खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या छोट्या पट्टीत लावतो. खिळ्यावरचं अक्षर उलटं, आरशातलं असतं. ओळ डावीकडून उजवीकडे पण डोक्यावर उभी करून वाचावी लागते, आणि नवशिक्याचा बी-डी, पी-क्यू, एन-यू यांत हमखास घोळ होतो. मुलगा हे शिकतो. मग तो लोकांच्या आधी मजकूर वाचतो, अजून कागदावर न उतरलेला. छपाई झाली की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणांत जातात. तासाभरापूर्वी जो मजकूर शिशात उभा होता त्याचा मागमूस राहत नाही. लपवण्यासाठी याहून चांगली जागा कुठली? आजोबांनी एखादी ओळ जुळवून, एकच प्रत काढून, लगेच जुळवणी मोडून खिळे खणांत टाकले, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं.

आणि आजोबा जुळवतात काय? पुस्तकं क्वचितच. लहान छापखान्याचं पोट भरतं फॉर्म, पावत्या आणि मृत्युसूचनांवर. युद्धकाळातल्या जर्मन वर्तमानपत्रांत पडलेल्या सैनिकांच्या सूचनांचा मजकूर ठरीव असे: फ्युरर, जनता आणि पितृभूमीसाठी वीरमरण, आणि खाली 'अभिमानपूर्ण शोकात' कुटुंबाची नावं. पण मजकूर कुटुंब देत असे, त्यामुळे थोडी मोकळीक होती. काही घरं 'फ्युरर'चा उल्लेख गाळू लागली. फक्त 'पितृभूमीसाठी'. कुणी 'अभिमानपूर्ण' काढून 'खोल' शोक लिहिलं. राजवटीवरचा विश्वास कसा ओसरत गेला हे तपासायला पुढे इतिहासकारांनी नेमक्या याच सूचना मोजल्या. आता कल्पना करा, तुमच्या मुलाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा तो आजोबांना म्हणतो, 'इथे तीन शब्द राहिलेत.' आजोबा स्टिककडे बघत म्हणतात, 'राहिलेले नाहीत.' झालं. एवढंच. पुढे त्याच्या घरावर ती वेळ येईल तेव्हा मजकूर कोण लिहिणार, त्यात कुठले शब्द असणार आणि ते जुळवणार कोण, हा तुमच्या कथेचा कळस आहे. न लिहिलेल्या शब्दाचंही वजन असतं हे इथे दिसतं, आणि ते कुणी उच्चारत नाही.

छापखान्यातली अजून एक गोष्ट त्या काळाने तुम्हाला फुकट दिली आहे. ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी पक्षाचा बडा अधिकारी बोरमन याच्या सहीने एक परिपत्रक निघालं. तोवर ज्यांना अस्सल जर्मन म्हणून डोक्यावर घेतलं होतं ती गॉथिक वळणाची छापील अक्षरं 'ज्यूंची अक्षरं' ठरवली गेली आणि यापुढे सगळीकडे साधी रोमन वळणाची अक्षरं वापरा असा हुकूम आला. कारण म्हणून दिलेला इतिहास खोटा होता, बाहेरच्या देशांना वाचता येईल असा मजकूर हवा होता ही व्यवहाराची बाजू खरी. बदल एका रात्रीत झाला नाही, नव्या खिळ्यांना पैसा आणि धातू दोन्ही लागतात. पण आजोबांच्या बाजूने बघा: उभं आयुष्य ज्या केसवर गेलं ती एका कागदाने संशयित झाली.

दुसरी खाण याच परिपत्रकातून निघते आणि ती घरात आहे. छापील अक्षरांबरोबर हस्ताक्षराचं वळणही बदललं. १९३७ मध्ये शाळेत गेलेला तुमचा नायक जुनं जर्मन वळण, म्हणजे झ्युटरलिन शिकला. १९४१ च्या शरद ऋतूत शाळेत गेलेल्या बहिणीला मात्र फक्त नवं लॅटिन वळण शिकवलं गेलं. जुनं जर्मन हस्ताक्षर तिला किड्यांच्या पावलांसारखं दिसतं, आणि वडील आघाडीवरून पत्र लिहितात ते त्याच जुन्या वळणात. म्हणजे घरात वडिलांचं पत्र आलं की तिला कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. आई कामावर असताना ते काम भावाकडे येतं.

यात काय दडलंय बघा. पत्रात असेल ते तिला ऐकवायचं की नाही, हे बारा वर्षांचा मुलगा ठरवतो. पहिल्यांदा तो एक ओळ गाळतो. पुढच्या पत्रात एक ओळ घालतो. मग पत्रं यायची थांबतात. आघाडीचं टपाल आठवडेच्या आठवडे रखडत असे, त्यामुळे खंड पडला तर लगेच शंका येत नाही. तो जुनंच पत्र हातात धरून नवं पत्र 'वाचू' लागतो. शब्दाची ताकद, तिचा मोह, तिची जबाबदारी आणि लबाडी सगळं एका कागदात आलं. शिवाय हा मुलगा लेखक होण्याची पहिली पायरीही चढला, तेही कुणी त्याला 'तू लेखक होशील' असं न म्हणता.

हे दृश्य बिघडतं ते तीन ठिकाणी. मुलगा खोटं फार सफाईने बोलतो. त्याला अडखळू द्या, वडिलांच्या बोलण्याची लकब चुकू द्या, बहिणीला ती चूक पकडू द्या ('बाबा मला असं नाही म्हणत'). दुसरं, खोटं पत्र फार सुंदर असतं. बारा वर्षांचा मुलगा घोडे, जेवण आणि बर्फ यापलीकडे काय रचणार? तिसरं, खोटं उघडकीला येतं ते कुणीतरी येऊन सांगितल्यामुळे. याला दुसरा मार्ग आहे. बहिणीने स्वतः वडिलांना पाठवलेलं पत्र परत येतं. सैनिक मारला गेला असेल तर त्याच्या नावचं टपाल 'बृहद्जर्मनीसाठी धारातीर्थी' अशा अर्थाचा शेरा मारून परत येत असे, कधी हाताने लिहिलेला, कधी शिक्क्याने उठवलेला. शिक्क्याची छापील अक्षरं तिला वाचता येतात. वडिलांच्या हातचं तिला कधीच वाचता आलं नाही, आणि जे वाचता येतं ते हे. या जागी निवेदकाने एक अक्षर बोलू नये. पाकीट, शिक्का, तिचं बोट ओळीवरून सरकतं, ती भावाकडे बघते. प्रकरण संपवा.

पुस्तकांकडे येतो. तुमच्या खर्ड्यात मुलाकडे वीसेक पुस्तकं आहेत. अडीच-तीनशे पानांच्या कादंबरीत वाचकाच्या लक्षात तीन-चार राहतात. प्रत्येक पुस्तक कुठून आलं, त्यावर काय डाग आहे, कुठलं पान नाही आणि शेवटी त्याचं काय झालं, हे ठरवता येत नसेल तर ते पुस्तक काढा. त्यांतलं किमान एक बिनकामाचं असू द्या: आगगाडीचं जुनं वेळापत्रक, पक्ष्यांची ओळख, यंत्राची माहितीपुस्तिका. थोर साहित्य हातात दिलं की त्याचं तेज पुस्तकाचं, मुलाचं नाही. मुलगा कोलोन, बाझेल, मिलान अशा स्थानकांची यादी बहिणीला झोपवायला म्हणतो तेव्हा त्या यादीचं जे होतं ते त्याने केलेलं असतं. आतल्या मजकुराचे उतारे देताना चार-पाच ओळींवर जाऊ नका, आणि एखाद्या पानाचा अर्थ त्याला चुकीचा लागू द्या.

पुस्तक ही आधी वस्तू आहे. शेगडीत पुस्तक जाळण्याचं दृश्य जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात असतं आणि त्यात पुस्तक कागदासारखं भडकतं. मिटलेलं पुस्तक असं पेटत नाही. पानांमध्ये हवा नसते, कडा काळ्या पडतात, धूर होतो आणि आतली पानं शाबूत राहतात. उबेसाठी जाळायचं तर पानं फाडून, चुरगळून एकेक टाकावी लागतात. म्हणजे जाळणाऱ्याला प्रत्येक पान हातात घ्यावं लागतं. हे लिहा, म्हणजे 'त्याचं काळीज तुटलं' लिहायची गरज पडणार नाही.

तळघरातल्या वाचनाचा प्रसंग तुमचा सगळ्यात लाडका दिसतो: बॉम्ब पडताहेत, मुलगा वाचून दाखवतोय, लोक शांत होतात. सुंदर आहे आणि अनेकांनी केलेला आहे. पण तुम्ही तो जुलै १९४३ च्या हॅम्बुर्गमध्ये ठेवलाय, आणि तिथे त्याचा अर्थच बदलतो. २७-२८ जुलैच्या रात्री हॅमरब्रूक आणि आसपासच्या कामगार वस्त्यांत आगीचं वादळ उठलं. त्या आठवडाभराच्या हल्ल्यांत ३०,००० हून अधिक माणसं मेली, त्यातली पुष्कळ तळघरांत बसल्या जागी, उष्णतेने आणि कार्बन मोनॉक्साइडने. निवाऱ्यांत हवा तपासायला मेणबत्त्या ठेवत. जमिनीजवळची विझली की मुलांना वर उचला, वरची विझू लागली की बाहेर पडा. पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने ज्योतही विझत नाही. माणसाला डोकेदुखी होते, गुंगी येते.

म्हणजे तुमचा मुलगा वाचतोय, ऐकणारे एकेक करून पेंगू लागतात, आणि त्याला वाटतं गोष्ट लागू पडली. मी तुमच्या जागी असतो तर पूर्ण कादंबरीतला शब्दांच्या ताकदीचा प्रसंग म्हणून हाच ठेवला असता, आणि या वेळी ती ताकद घातक असती. लोकांना जागेवर बसवणारा आवाज. बाहेर पडायला हवं हे ज्याला कळतं तो कुणीतरी (निवाऱ्याची जबाबदारी असलेला गृहस्थ, किंवा वाचन कंटाळवाणं वाटणारी बहीण) त्याला थांबवतो. शेजारच्या घराच्या तळघरात जायला भिंतीत विटांची एक पातळ जागा मुद्दाम सोडलेली असे, ती फोडून जाता येई. पण पुढचं तळघरही धुराने भरलेलं असू शकतं, आणि रस्त्यावर डांबर वितळलेलं. कालव्याकडे जाणारी वाट हा एक पर्याय. या रात्री मुलाचा सगळ्यात उपयोगी शब्द पुस्तकातला नसेल, तो 'उठा' हा असेल, आणि तो ओरडून म्हणावा लागेल. वाचक लहान असतील तर वाचलेल्यांबरोबर बाहेर पडा आणि मागे वळून बघू नका. मोठे असतील तर काही जण उठले नाहीत हे सांगावं लागेल.

काळाच्या चुका पटकन सांगतो. चौकात पुस्तकं जाळण्याची मोहीम मे १९३३ ची, हॅम्बुर्गमध्ये १५ मे. तेव्हा तुमचा नायक दोन वर्षांचा होता. १९४२ मध्ये तो ती होळी बघतो हे काढा. आजोबांनी बघितलेली, आणि त्या वेळी ते गप्प राहिले होते, असं करता येईल. आघाडीवरच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, पाच आकडी टपाल क्रमांक असतो, आणि पत्रं मधूनमधून उघडून तपासली जातात हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे वडील युद्धावर जी सडेतोड टीका करतात ती त्यांनी लिहिलीच नसती. विमानातून पडलेली शत्रूची पत्रकं खिशात ठेवणं गुन्हा होता, ती जमा करावी लागत. मुलगा ती गच्चीत जपून ठेवतो तेव्हा त्याला भीती वाटली पाहिजे.

रोजनिशीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. ठेवू द्या त्याला, पण कुणासाठी लिहितो हे ठरवा. अ‍ॅन फ्रँकने पावणेदोन वर्षं रोजनिशी लिहिल्यावर २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच मंत्र्याचं आवाहन रेडिओवर ऐकलं: युद्धकाळातल्या रोजनिश्या आणि पत्रं जपून ठेवा. त्यानंतर तिने सुट्या कागदांवर आपला मजकूर नव्याने लिहायला घेतला, गाळला, सुधारला. ती मुलगी वाचकाचा विचार करून संपादन करत होती. तुमचा नायक नुसता 'मन मोकळं' करतो, म्हणून ती पानं सैल झालीत. बहिणीला पुढे वाचता यावं म्हणून तो लिहीत असेल तर त्याला नव्या वळणात लिहावं लागेल, सावकाश, तिच्या वयाचे शब्द निवडून.

दुरुस्ती करताना या क्रमाने जा. खर्डा छापून घ्या. 'शब्द', 'पुस्तक', 'गोष्ट', 'वाचन' यांबद्दल कुणीही काढलेलं प्रत्येक सर्वसाधारण विधान लाल करा. वाचण्या-लिहिण्यामुळे पुढे काहीतरी वेगळं घडलं अशी प्रत्येक जागा निळी करा. लाल ओळी सगळ्या काढा, अगदी आवडती सुद्धा, आणि हस्तलिखित चार आठवडे बाजूला ठेवा. मग सलग वाचताना जिथे खरंच धागा तुटल्यासारखा वाटेल, तिथे विधान परत न घालता एखादी निळी जागा तयार करता येते का बघा. सगळ्या निळ्या जागांवर शब्दाचा परिणाम चांगलाच होत असेल तर त्यातल्या निदान दोन उलट्या करा. पत्रांचा धागा आणि मृत्युसूचनांचा धागा वडिलांच्या मृत्यूपाशी एकत्र येतात, म्हणून आधी ते प्रकरण लिहा आणि मग मागे जाऊन दोन्हींची पेरणी करा. तळघराची रात्र त्याच्या आधी ठेवायची की नंतर, हे मी तुमच्यावर सोडतो. आधी ठेवलीत तर मुलगा आपल्या आवाजाला घाबरलेला असताना त्याच्याकडून ती सूचना लिहून घ्यावी लागेल, आणि ते जास्त अवघड पण जास्त चांगलं होईल.